मेणाचा गोळा

फर्मान लॅटिनमध्ये होतं.
विपर्टनं ते वेदीसमोर उभं राहून वाचलं,
तो सगळंच वाचायचा तसं, शब्दाशब्दाला थांबत,
पुढचा शब्द म्हणजे अंधारातली पायरी असल्यासारखं.
मग आमच्या बोलीत सांगितलं:
पोप म्हणतात, धर्मातलं पद विकत घेऊ नये.
लोकांनी माना डोलावल्या.
आमच्या बिशपनं हातातली काठी किती चांदीला घेतली
हे नेकारकाठच्या बदकांनाही ठाऊक होतं.
मग म्हणाला, अजून एक गोष्ट आहे.
आणि ती सांगितली नाही.

ती मला ओट्झोनं सांगितली, घंटा वाजवणाऱ्यानं,
दोर हातात धरून, माझ्याकडे न बघता.

सव्वीस वर्षं मी पाद्र्याची बायको होते.
त्या दुपारपासून दुसरंच काहीतरी झाले.
त्याला लॅटिनमध्ये एक शब्द आहे म्हणे.
आमच्या बोलीतला मला विहिरीवर मिळाला,
दुसऱ्याच दिवशी, न मागता.

आडेलविप रडत आली.
"विपर्टच्या हातचं पाणी लागलं का गं माझ्या पोराला,
की नुसताच भिजला तो?"
तिचं पोर तेव्हा दारातून वाकून आत येत होतं.

सरदार बुर्खार्टला एरवी देव आठवायचा
तो शिकारीत रानडुक्कर अंगावर आल्यावर.
त्या वर्षी तो फार धार्मिक झाला.
गिरणीमागचं शेत चर्चचं,
आणि आमचा थीमो ते सात वर्षं नांगरत होता.
"पाद्र्याला मुलगा नसतो," बुर्खार्ट म्हणाला,
थीमोकडे बघत,
हवा कशी आहे ते सांगावं तसं.

वर कुठेतरी राजा आणि पोप भांडत होते.
राजाचा बिशप आला:
बायको राहू दे, राजाला धरून राहा.
पाच महिन्यांनी पोपचा बिशप आला:
राजाला सोड. बायकोलाही.
दोघांच्या घोड्यांनी आमचेच ओट खाल्ले.

मी काही सुधारणेच्या विरुद्ध नव्हते.
घाण होती, मलाही दिसत होती.
मला वाटायचं, झाडू घेऊन येतील
तर आधी काठ्या विकणाऱ्यांचा कोपरा झाडतील.
पण तिथे जड पेटारे होते.
मी हलकी होते.

शेवटच्या रात्री विपर्ट म्हणाला,
"ते खरंही असेल, रिखिल्ट."
हे म्हणताना तो माझ्या पायांना लोकरी पट्ट्या गुंडाळत होता,
पूल ओलांडताना थंडी लागू नये म्हणून.
मी त्याला अजून या वाक्यासाठी माफ केलेलं नाही.
पट्ट्या जपून ठेवल्या आहेत.

भावाकडे, कातडी कमावतात त्या पडवीत, मला जागा मिळाली.
बरोबर एक गाठोडं आणि लोखंडी साचा,
माझ्या बापानं घडवलेला, लांब दांड्यांचा, आत क्रूस कोरलेला.
त्यातच मी इतकी वर्षं
प्रभुभोजनाच्या पातळ भाकरी भाजल्या होत्या.

नोव्हेंबरात नवा पाद्री स्वतः पूल ओलांडून आला.
एम्मो नाव. मठातला पोरगा,
बोटं थंडीनं सुजून लाल झालेली.
साचा चर्चचा आहे, म्हणाला.
नव्हता. तरी दिला.
दारात थांबून त्यानं विचारलं,
"भाजताना काही विशेष करायचं असतं का?"
"नाही," मी म्हटलं.

आधी साच्याला मेण चोळावं लागतं.

सलग तीन रविवार वेदीवर भाकरी फाटून आली,
बरोबर क्रूसावर.
लोक कुजबुजले, की देव नव्या पाद्र्यावर नाराज आहे.
आडेलविप पुलावरून ओरडून मला ही बातमी देत होती,
तिला वाटलं, मला बरं वाटेल.
वाटलंही. दोन रविवार.

तिसऱ्यानंतर मी ओट्झोजवळ मेणाचा गोळा दिला.
कुणी दिला ते सांगू नकोस, म्हटलं.
चौथ्या रविवारी भाकरी सुटून आली, गोल, पांढरी.
विपर्ट तेव्हा मागे उभा असायचा, बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी,
साध्या माणसांत.
घास जिभेवर ठेवल्यावर त्याला कळलं असेल.

नसेलही.
गेल्या हिवाळ्यापासून त्याला चवच लागत नाही,
असं ओट्झो म्हणतो.